गाडीचे पैसे तुमच्याकडेच आहेत, फक्त गिऱ्हाइकाच्या खात्यात

प्रश्न: नाशिकच्या अंबडला माझं जॉबवर्कचं (गिऱ्हाइकाच्या मालावर काम करून देण्याचं) युनिट आहे. चार सीएनसी, दोन व्हीएमसी, अशी कॉम्प्युटरवर चालणारी सहा मशीन. वय ४३, घरी पत्नी आणि दोन मुली. वर्षाचं बिलिंग साधारण १ कोटी ६० लाख, रिटर्न आयकराच्या कलम ४४एडीखाली भरतो. ७० टक्के काम एकाच कंपनीचं आहे, ती ट्रॅक्टरचे पार्ट अमेरिकेला पाठवते. पैसे ११० दिवसांनी येतात. पाथर्डी फाट्यावरचं घर तारण ठेवून ४० लाखांची सीसी (कॅश क्रेडिट, लागेल तसं वापरायचं बँकेचं कर्ज) घेतली आहे, त्यातले ३२ लाख वापरात असतात. जीएसटी कमी झाल्यापासून चार मीटरच्या आतली पेट्रोल एसयूव्ही मनात आहे. ऑन-रोड १३ लाख. शोरूमवाला म्हणतो, फर्मच्या नावावर घ्या, जीएसटीचं इनपुट (भरलेल्या कराची वजावट) मिळेल, घसाराही मिळेल. ४ लाख सीसीतून भरून ९ लाखांचं कर्ज काढणार आहे. मेहुण्यांचं म्हणणं, युरोपच्या करारानंतर जर्मन गाड्या स्वस्त होतील, तोवर थांब. माझी जुनी डिझेल गाडी २०१४ ची आहे, ती १० वर्षांनी बंद होते ना? मार्चमध्ये विम्याचा ३ लाखांचा तिसरा हप्ता आहे. सध्या धावपळ आहे, कारण कंपनीने 'आम्ही एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) नाही' असं डिक्लरेशन मागितलं होतं, तेही गेल्या आठवड्यात सही करून दिलं. खरं तर एमएसएमई म्हणून उद्यम नोंदणी २०२१ पासून आहे. गाडी आता घ्यावी की थांबावं?

उत्तर: गाडीचं आधी उरकून घेऊ, कारण तुमच्या पत्रातला तो सगळ्यात लहान प्रश्न आहे.

१० वर्षांच्या डिझेलची भानगड दिल्ली-एनसीआरची आहे, नाशिकची नाही. तुमच्या गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं, म्हणजे २०२९ पर्यंत आहे. पुढे फिटनेस करून, फी भरून ते वाढवता येतं. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असल्याने एचएसआरपी नंबरप्लेट तेवढी लावून घ्या.

जर्मन गाड्यांचं स्वप्न मेहुण्यांनाच पाहू द्या. २७ जानेवारी २०२६ ला युरोपीय संघाशी बोलणी पूर्ण झाल्याची घोषणा झाली. त्यात पूर्ण बनून येणाऱ्या गाड्यांवरची ड्यूटी ११० टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत आणायचं ठरलं, तेही ठरलेल्या कोट्यापुरतं. आपल्या रस्त्यावरच्या बहुतेक जर्मन गाड्या मुळात चाकण, छत्रपती संभाजीनगर किंवा चेन्नईत जोडल्या जातात. त्यांना ११० टक्के लागतच नव्हते. १३ लाखांच्या गाडीच्या गिऱ्हाइकाला या करारातून काही मिळणार नाही. युरोपातून येणाऱ्या पार्टवरची ड्यूटीही पाच ते दहा वर्षांत शून्यावर जाणार आहे. तुमच्या धंद्याने लक्ष ठेवायचं ते त्यावर.

आता शोरूमवाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या इंजिनच्या पेट्रोल गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे, हे खरं. ती कपात एक्स-शोरूम किमतीत आधीच आलेली आहे, त्यामुळे 'या महिन्यातच घ्या' म्हणण्याला अर्थ नाही. एक्स-शोरूम ११ लाखांच्या गाडीत जीएसटी साधारण १ लाख ६८ हजार. त्यातला एक रुपयाही तुम्हाला परत मिळत नाही. सीजीएसटी कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे ड्रायव्हर धरून १३ आसनांपर्यंतच्या प्रवासी गाडीचं इनपुट बंद आहे. गाड्या विकणारा, प्रवासी वाहतूक करणारा किंवा ड्रायव्हिंग स्कूल चालवणारा असेल तरच सूट. विमा आणि दुरुस्तीलाही तोच नियम. हे माहीत नसेल तर विक्रेता अडाणी, माहीत असूनही सांगत असेल तर लबाड.

घसारा तर त्याहून मजेशीर. तुम्ही ४४एडीत आहात. तिथे नफा उलाढालीच्या टक्क्यांवर धरतात, घसारा वेगळा मागताच येत नाही. १ कोटी ६० लाखांवर ६ टक्के म्हणजे ९ लाख ६० हजार. (खरा नफा जास्त असेल तर जास्त दाखवायचा असतो.) नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर २०२५-२६ साठी आयकर शून्य येतो. म्हणजे ज्या टॅक्सच्या बचतीसाठी गाडी घ्यायची, तो टॅक्स तुम्हाला लागतच नाही. उद्या कोणाच्या सल्ल्याने प्रायव्हेट लिमिटेड करून कंपनीच्या नावावर गाडी घेतलीत, तर महाराष्ट्रात रोड टॅक्स १२ ऐवजी २० टक्के पडेल, हेही लक्षात ठेवा.

मुद्दा सीसीचा आहे. लिमिट ४० लाखांची असली तरी बँक पैसे ड्रॉइंग पॉवरवर, म्हणजे हातातला स्टॉक आणि येणं बाकी पाहून देते. जॉबवर्कमध्ये माल गिऱ्हाइकाचा, त्यामुळे तुमचा स्टॉक नगण्य. राहिले डेटर्स, म्हणजे गिऱ्हाइकांकडची येणी. ९० दिवसांपेक्षा जुनी बिलं बहुतेक बँका धरत नाहीत आणि बाकीच्यांवर २५ टक्के मार्जिन कापतात. तुमचं महिन्याचं बिल जीएसटीसह पावणेसोळा लाख. तीन महिन्यांचे ४७ लाख, मार्जिन कापून सव्वापस्तीस. वापरात ३२. त्यात गाडीचे ४ आणि विम्याचे ३ टाकले की ३९. पुढच्या २० तारखेला जीएसटीचं चलन, मग पगार, मग वीजबिल. मार्चअखेर तुमचे चेक परत यायला लागतील आणि गाडीचा १८,७०० चा हप्ता पहिल्याच महिन्यात अडकेल. खातं सलग ९० दिवस मर्यादेबाहेर राहिलं की एनपीए, म्हणजे थकीत कर्ज. तारण घर आहे, विसरू नका.

एक गोष्ट बहुधा तुमच्या लक्षात आलेली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये गाडीचा जीएसटी २८ वरून १८ झाला, पण त्याच दिवशी तुमच्यासारख्या इंजिनिअरिंग जॉबवर्कचा १२ वरून १८ झाला. गिऱ्हाइकाला इनपुट मिळतं, म्हणून त्याला फरक पडत नाही. तुम्ही मात्र दरमहा साधारण ८० हजार जास्तीचे सरकारला आधी भरता आणि ते अडीच महिन्यांनी वसूल करता. म्हणजे सुमारे २ लाख कायमचे अडकले. सीसी अलीकडे घट्ट वाटत असेल, तर त्याचं एक उत्तर इथे आहे.

दुसरं, मोठं उत्तर त्या डिक्लरेशनमागे आहे, आणि पत्रातली सर्वात महाग सही तीच. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला ४५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात. पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) ९० दिवस छापले असले तरी ४५, आणि लेखी करारच नसेल तर १५. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. त्यावर आयकराचं कलम ४३बी(एच): मुदतीत न दिलेली रक्कम गिऱ्हाइकाला त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षी मिळते. (एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, त्यात कलमांचे आकडे वेगळे.)

तुमचे ११० दिवस म्हणजे नुसती वाट पाहणं नाही, रोख रक्कम आहे: साधारण ५७ लाख. ४५ दिवसांत पैसे आले असते तर बाहेर २३ लाखच राहिले असते. मधले ३४ लाख तुमचे आहेत आणि ते गिऱ्हाइकं वापरतात. साडेदहा टक्क्यांची सीसी धरली तर वर्षाला साडेतीन लाखांहून जास्त व्याज तुम्ही त्यांच्या वतीने भरता. आणि ३१ मार्चला यातला त्या मोठ्या कंपनीचा ७० टक्के वाटा, जीएसटी वजा करून साधारण २० लाख, त्यांच्या खर्चातून बाद होऊन सुमारे ५ लाखांचा टॅक्स त्यांच्या अंगावर येऊ नये, म्हणून फेब्रुवारीत तुमच्यापुढे तो कागद सरकवला गेला. खोटं लिहून दिलंत तुम्ही, फायदा झाला त्यांचा.

ते आधी निस्तरा. उद्यम प्रमाणपत्र जोडून त्यांच्या अकाउंट्स विभागाला ईमेल करा: पूर्वीचं डिक्लरेशन चुकून दिलं होतं, आमची सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी आहे, क्रमांक अमुक. फोन नको, ईमेलच. पुढच्या प्रत्येक बिलावर आणि चलनावर उद्यम क्रमांक व 'सूक्ष्म' हा शब्द छापा. माल उतरवल्याची तारीख असलेली शिक्क्याची प्रत जपून ठेवा, ४५ दिवस तिथून मोजतात.

७० टक्के काम देणाऱ्यावर उद्याच एमएसएमईंच्या थकलेल्या पैशांसाठीच्या 'समाधान' पोर्टलवर तक्रार करा, असं मी म्हणणार नाही. निवाडा विरोधात गेला तर आव्हान देण्यासाठी त्यांना ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते, इतका तो कायदा कडक आहे. पण खटला जिंकून काम गेलं तर सहा मशीन उभी राहतील. आधी ट्रेड्स मागा, म्हणजे बिलावर बँकांकडून लगेच पैसे मिळवून देणारी ऑनलाइन व्यवस्था. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ३१ मार्च २०२५ पर्यंत तिथे नोंदणी करणं बंधनकारक केलेलं आहे, तुमचं मोठं गिऱ्हाईक त्यात बसतं का ते विचारा. आरएक्सआयएल, एमवन एक्सचेंज, इनव्हॉइसमार्ट, या ट्रेड्सच्या प्लॅटफॉर्मपैकी जिथे ते असतील तिथे तुम्ही नोंदणी करा. बिल चढवायचं, त्यांनी मान्य करायचं, बँका बोली लावतात आणि एक-दोन दिवसांत पैसे जमा. दर गिऱ्हाइकाची पत पाहून ठरतो, म्हणून तुमच्या सीसीपेक्षा बहुधा स्वस्त पडतो. गिऱ्हाइकाने नंतर पैसे दिले नाहीत तरी वसुली तुमच्याकडून होत नाही. अडचण एकच: डेटर्स सीसीला तारण आहेत, त्यामुळे बँकेची एनओसी आधी घ्या. नाहीतर पहिलंच बिल तिथे अडकतं. एकट्याने बोलायला अवघड वाटत असेल तर निमा किंवा आयमा या उद्योजकांच्या संघटनांमार्फत विषय काढा.

विम्याचा तिसरा हप्ता भरू नका. वर्षाला ३ लाख, बँकेतल्या माणसाने 'सीसी रिन्यूअलला लागेल' म्हणून गळ्यात घातलेली गॅरंटीड योजना असणार, हे पत्रात नसलं तरी ओळखू येतं. अशा योजना 'दहा हप्ते भरा, दीडपट घ्या' म्हणून विकतात. ३० लाख भरून बारा वर्षांनी ४५ लाख म्हणजे साडेपाच टक्के. तुम्ही साडेदहाने कर्ज काढून साडेपाचने गुंतवताय. नव्या करप्रणालीत ८०सीची वजावट नाही, तेव्हा तोही बहाणा संपला. कर्जासोबत विमा सक्तीने विकता येत नाही. विमा कंपनीकडून सरेंडर व्हॅल्यू (आता बंद केली तर मिळणारी रक्कम) आणि पेड-अप व्हॅल्यू (पुढचे हप्ते न भरता तशीच ठेवली तर मुदतीला मिळणारी) लेखी मागवा. दोन हप्ते गेले आहेत, सरेंडर केल्यास ६ लाखांतले २ लाखांच्या आसपास हाती आले तरी नवल नाही. झोंबेल. पेड-अप आणि सरेंडर यात फार फरक पडणार नाही, आणखी २४ लाख त्यात ओतण्याने मात्र पडेल. हप्त्याला सहसा ३० दिवसांची सवलत असते, तेवढ्यात आकडे मागवून निर्णय घ्या.

त्या ३ लाखांतले २५-३० हजार काढून १ कोटीचा टर्म प्लॅन घ्या. वैयक्तिक विम्याच्या हप्त्यावर आता जीएसटीही नाही. फॉर्म भरतानाच विवाहित स्त्री मालमत्ता कायद्याचा, म्हणजे एमडब्ल्यूपीचा रकाना भरा, म्हणजे रक्कम पत्नी-मुलींची राहते, बँक त्यावर हात टाकू शकत नाही. तो रकाना नंतर भरता येत नाही. घर तारण असलेल्या माणसाने हे सीसीच्या सहीच्याच दिवशी करायला हवं होतं.

अमेरिकेचं थोडक्यात. भारतीय मालावरची तिथली ड्यूटी ७ ऑगस्ट २०२५ ला २५ टक्के झाली, २७ ऑगस्टला ५०. कारच्या पार्टना वेगळ्या कलमाखाली २५ टक्केच लागले, ट्रॅक्टरच्या पार्टना पूर्ण ५०. दर पुढे उतरले काय आणि चढले काय, वॉशिंग्टनच्या एका सहीने तुमची दोन मशीन उभी राहू शकतात. गाडीचा हप्ता मात्र साठ महिने तोच. दोन महिन्यांचे पगार आणि वीजबिल सीसीबाहेर, एफडीत बाजूला पडलेले दिसेपर्यंत नवा हप्ता नको.

सप्टेंबरच्या डेटर्स स्टेटमेंटमध्ये वसुलीची सरासरी ६० दिवसांवर आली आणि सीसीचा वापर २० लाखांच्या खाली गेला, तर हीच गाडी स्वतःच्या नावावर घ्या, ५ लाख स्वतःच्या शिलकीतून भरून. सीसीतून नाही. तोवर २०१४ च्या डिझेलचे टायर आणि क्लच बघून घ्या.