चार डिस्कची जुनी पेटी बदलताना

प्रश्न : माझ्या घरच्या विंडोज संगणकाला यूएसबीने जोडलेल्या पेटीत ४ टेराबाइटच्या चार हार्डडिस्क ‘रेड ५’ या, अनेक डिस्क एकत्र जोडून वापरण्याच्या पद्धतीने बसवलेल्या आहेत. काही आठवड्यांपासून ही पेटी मध्येच बंद पडते आणि आता हे मॉडेल बाजारात मिळत नाही. दुसऱ्या कंपनीची पेटी घेऊन याच डिस्क तिच्यात बसवल्या, तर घरची छायाचित्रे व चित्रफिती पूर्वीसारख्या दिसतील का? नवी पेटी निवडताना काय पाहावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : बहुधा दिसणार नाहीत. रेड ५ मध्ये फायलींचे तुकडे आणि एखादी डिस्क गेल्यास ते पुन्हा जुळवण्यासाठी लागणारी जादा माहिती चारही डिस्कवर विखुरलेली असते. म्हणूनच तुमच्या १६ टेराबाइटपैकी सुमारे १२ टेराबाइटच वापरता येतात. हे तुकडे किती मोठे करायचे व कोणत्या क्रमाने ठेवायचे, हे पेटीतला कंट्रोलर (डिस्कचा कारभार पाहणारी चिप) ठरवतो, आणि त्याची नोंद ठेवण्याची रीत प्रत्येक निर्मात्याची निराळी असते. नव्या पेटीत त्या डिस्क कोऱ्या दिसतील आणि संगणक त्या ‘इनिशियलाइझ’ किंवा ‘फॉरमॅट’ करायच्या का, असे विचारील. तेथे चुकूनही होकार देऊ नये.

खरेदीला निघण्यापूर्वी जुन्या पेटीचा ॲडॅप्टर तपासून घ्या. चारही डिस्क एकदम फिरू लागतात तेव्हा सर्वाधिक विद्युतप्रवाह लागतो आणि थकलेला ॲडॅप्टर नेमका तेव्हाच कमी पडतो. बदली ॲडॅप्टरचा व्होल्टेज आणि पिनची ध्रुवता (धन-ऋण बाजू) जुन्याप्रमाणेच हवी. अँपिअर तेवढेच किंवा थोडे जास्त चालतील. एवढ्यावर पेटी चालू झाली, तर सर्वांत आधी त्यातील सगळा साठा दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. नाहीच झाली, तर डिस्कवर त्यांच्या खणांचे क्रमांक लिहून त्या बाहेर काढा आणि डेटा परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडे चारही एकत्र न्या.

नवी पेटी मात्र स्वतःचा रेड कंट्रोलर नसलेली, प्रत्येक डिस्क संगणकाला स्वतंत्रपणे दाखवणारी घ्यावी. डिस्कची जोडणी विंडोजमधील ‘स्टोरेज स्पेसेस’ने केली की उद्या पेटी बिघडली तरी त्या डिस्क दुसऱ्या साध्या पेटीत किंवा थेट संगणकाच्या आत बसवून वाचता येतात. एकेकाळी नावाजलेल्या ड्रोबो पेट्यांची मालक कंपनी स्टोअरसेंट्रिक २०२२ मध्ये दिवाळखोरीत गेली. साठा मांडण्याची पद्धत खास त्या पेट्यांचीच असल्यामुळे, डिस्क धडधाकट असूनही त्या दुसऱ्या कंपनीच्या पेटीत लावून वाचण्याची सोय ग्राहकांना नव्हती. खरेदी करताना एवढे विचारून घ्या की पेटी प्रत्येक डिस्कचा अनुक्रमांक वेगवेगळा कळवते का. काही स्वस्त पेट्या तो कळवत नाहीत आणि स्टोरेज स्पेसेस तेथे गोंधळते.

माझे मत विचाराल, तर घरासाठी चार खणांचा हट्ट सोडावा. १२ टेराबाइटच्या दोन डिस्क एकमेकींची प्रतिकृती म्हणून ठेवल्या, तरी जागा आजच्याइतकीच मिळते, आवाज व उष्णता कमी होते आणि प्रत्येक डिस्कवर सगळा साठा पूर्ण असतो. तेवढीच तिसरी डिस्क घेऊन तिच्यावर बॅकअप घ्या व ती एरवी संगणकापासून वेगळी ठेवा, कारण चुकून पुसलेले छायाचित्र प्रतिकृतीतूनही त्याच क्षणी पुसले जाते.

वेगासाठी फार पैसे मोजू नयेत. फिरती हार्डडिस्क सेकंदाला साधारण २०० ते २५० मेगाबाइट देते, त्यामुळे दोन डिस्कना ५ गिगाबिटचे यूएसबीही जवळपास पुरते आणि १० गिगाबिटचे असेल तर प्रश्नच नाही. थंडरबोल्ट या अधिक वेगवान जोडणीचा खर्च एसएसडी (फिरते भाग नसलेल्या, वेगवान डिस्क) वापरणाऱ्यांनी करावा. त्यापेक्षा डिस्कच्या माहितीपत्रकात ‘सीएमआर’ (माहितीचे पट्टे एकमेकांवर न चढवता शेजारी लिहिणारा प्रकार) लिहिले आहे ना, हे पाहावे. ‘एसएमआर’ प्रकारात माहितीचे पट्टे एकमेकांवर अंशतः चढवलेले असल्यामुळे सलग मोठे लेखन रेंगाळते, आणि खराब डिस्कच्या जागी नवी बसवून प्रतिकृती पुन्हा तयार करताना तेच सर्वाधिक नडते.

नव्या डिस्कवर उतरवलेल्या फायली उघडून पाहिल्याशिवाय जुन्या चार डिस्क पुसू नका, विकूही नका.