किनाऱ्यावरची नाणी आणि न दिलेली नोटीस

पेडणे तालुक्यातील एका वाचकाचा प्रश्न असा आहे : मे २०२१ मधील तौक्ते वादळानंतर केरीच्या किनाऱ्यावर मेटल डिटेक्टर फिरवताना त्यांना सुरूच्या झाडांपाशी, लाटांनी कापलेल्या वाळूत, वीतभर खोलीवर एकोणीस चांदीची नाणी मिळाली, ती आता त्यांच्या मालकीची धरायची की नाही? काही नाण्यांवर १८८२ हे साल आणि पोर्तुगालच्या राजाचा मुखवटा दिसतो, आणि एखाद्या फुटलेल्या पोर्तुगीज जहाजातून ती वाहून आली असावीत असा त्यांचा तर्क आहे. नाणी त्यांनी चिंच-मिठाने घासून लख्ख केली, एका नाण्याला सोनाराकडून कडी लावून मुलीसाठी लॉकेट करून घेतले, आणि आता मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून पाच हजार रुपये इसार यूपीआयने स्वीकारला आहे. एवढी वर्षे लोटल्यावर कोणाला काही कळवण्याची गरज उरत नाही, असे मित्रांनी त्यांना सांगितले आहे.

या आशयाची पत्रे दर पावसाळ्यानंतर येतात. किनारा बदलतो, वस्तू बदलते, आणि राहून गेलेली गोष्ट मात्र प्रत्येक पत्रात तीच असते. वाळूत मिळालेली वस्तू उचलणाऱ्याची आपोआप होत नाही, हे मी येथे पुन्हा सांगत बसत नाही. १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेमुळे गोव्यात काही वेगळे चालते, या समजुतीलाही उत्तर देण्यात जागा घालवत नाही; आपल्या प्रश्नाचा निकाल १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यात, त्यातही कलम ४ आणि कलम २० या दोन कलमांत आहे.

जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू ज्याला सापडेल त्याने शक्य तितक्या लवकर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी नोटीस द्यावी, असे कलम ४ सांगते. नोटिशीत वस्तूचे स्वरूप, तिची अंदाजे किंमत, सापडल्याची जागा आणि तारीख असावी लागते. शिवाय ती वस्तू जवळच्या सरकारी कोषागारात जमा करावी लागते किंवा मागतील तेव्हा हजर करण्याबद्दल जामीन द्यावा लागतो. कायद्याने ठरावीक दिवसांची मुदत घातलेली नाही, आणि घोटाळा येथेच होतो. मुदत लिहिलेली नाही म्हणजे घाई नाही, असा सोयीचा अर्थ लोक काढतात. न्यायालय मात्र नोटीस देणे त्या माणसाला केव्हा शक्य होते एवढेच विचारील. आपल्या बाबतीत मे २०२१ मध्ये राज्यात कर्फ्यू होता, कार्यालये अर्धवट चालू होती, हे कारण काही आठवड्यांपुरते टिकेल. त्यानंतरच्या वर्षांसाठी आपल्याकडे कोणतेही कारण नाही, आणि पत्रात आपण ते दिलेलेही नाही. सोनाराकडे जाण्यास वेळ मिळाला, तर पणजीला जिल्हाधिकारी कार्यालयात एक अर्ज देण्यास तो का मिळाला नाही, हा प्रश्न सरकारी वकील विचारणारच आहे. म्हणून मी तो आधी विचारतो.

या दिरंगाईची किंमत कलम २० मध्ये सांगितली आहे. जो नोटीस देत नाही, वस्तू जमा करत नाही व जामीनही देत नाही, किंवा वस्तूची ओळख लपावी म्हणून तिच्यात फेरफार करतो, त्याला एरवी मिळाला असता तो वाटा सरकारजमा होतो, आणि दोषसिद्धी झाल्यास एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कलमाची रचना नीट वाचली तर दिसते की ‘दोषसिद्धी झाल्यास’ ही अट शिक्षेला जोडलेली आहे, वाटा जाण्याला नाही. म्हणजे आपल्यावर कधी खटला भरला गेला नाही तरीही वाटा गेला, असा युक्तिवाद सरकारला करता येतो, आणि माझ्या मते तो दुबळा नाही. लॉकेटविषयी मी इतका ठाम नाही. घरातल्या मुलीसाठी उघडपणे कडी लावून घेणे म्हणजे ओळख लपवणे नव्हे, असे म्हणता येईल, आणि साल व मुखवटा शाबूत असतील तर ते पटेलही. चिंच-मिठाच्या घासणीने नाण्यांच्या बाजारभावाचे नुकसान केले आहे. कायद्याच्या दृष्टीने तिचे वजन थोडे आहे.

यातली चीड आणणारी गोष्ट ही, की वेळेवर नोटीस देणाऱ्याशी हा जुना कायदा बराच उदारपणे वागतो. चौकशीनंतर वस्तू बेवारस ठरली आणि जागेचा मालक म्हणून कोणी पुढे आला नाही, तर ती पूर्णपणे सापडणाऱ्याला द्यावी असे कलम १० मध्ये आहे. जागेच्या एकाच मालकाने दावा केला व त्याबद्दल वाद नसला, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याचे आणि एक चतुर्थांश मालकाचे, असे कलम ११ सांगते. आपण एका अर्जाच्या कागदासाठी हा हक्क पणाला लावला.

मित्रांच्या सल्ल्यामागे बहुधा मुदतीचा नियम असावा. एक वर्षापर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल एका वर्षानंतर न्यायालय घेत नाही, हे खरे आहे. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८ मध्ये होते, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये आहे. मात्र गुन्हा घडल्याचे बाधित व्यक्तीला किंवा पोलीस अधिकाऱ्याला ठाऊक नसेल, तर हे वर्ष त्यांना कळल्या दिवसापासून मोजले जाते, आणि गुन्हा चालू स्वरूपाचा मानला गेला तर मुदत रोज नव्याने सुरू होते. नोटीस न देणे हा चालू स्वरूपाचा गुन्हा आहे की नाही, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. शिवाय सापडलेली वस्तू अप्रामाणिकपणे स्वतःची म्हणून वापरल्याचा आरोप, २०२१ च्या घटनेसाठी जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४०३ खाली, ठेवला जाऊ शकतो. त्याची शिक्षा दोन वर्षांपर्यंत असल्याने त्याला तीन वर्षांची वेगळी मुदत लागते. तेव्हा गप्प राहून मुदत संपण्याची वाट पाहणे हा बचाव नव्हे. ज्या दिवशी तो व्यापारी दुसऱ्या एखाद्या प्रकरणात पकडला जाईल आणि त्याच्या फोनमध्ये आपले संदेश सापडतील, त्या दिवशी ही वाट पाहणे नव्याने सुरू होईल.

आता जहाजाविषयी. आपला तर्क आकर्षक आहे, पण खरा ठरला तर तो आपल्याला अधिक अडचणीत टाकतो, हे आपल्या लक्षात आलेले दिसत नाही. बुडालेल्या जहाजातील माल म्हटला की १९५८ च्या व्यापारी नौवहन कायद्याचे कलम ३९५ पुढे येते, आणि तेथे नुसती नोटीस पुरत नाही. मालक नसलेल्या माणसाने ती वस्तू त्या हद्दीसाठी नेमलेल्या रिसिव्हरच्या, म्हणजे असा माल ताब्यात घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या, ताब्यात द्यावी लागते, आणि मूळ मालकाला दाव्यासाठी एक वर्ष मिळते. २०२५ मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला आहे, त्यामुळे आज कोणते कलम लागू होते हे आपल्या वकिलाने तपासून घ्यावे. वस्तुस्थितीकडे पाहिले तर मला जहाजाची कथा कच्ची वाटते. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने गोव्याच्या समुद्रात अभ्यासलेले सुंची रीफ व सेंट जॉर्जेस रीफ येथील अवशेष ग्रँड आयलंडच्या परिसरात, म्हणजे केरीपासून पुष्कळ दक्षिणेला आहेत. एका ठिकाणी सतराव्या शतकातील हस्तिदंत, पाणघोड्यांचे दात व चिनी मातीची भांडी मिळाली, तर दुसऱ्या ठिकाणी एकोणिसाव्या शतकातील कौले व भाजक्या मातीच्या खांबांचे भाग. १८८२ चा रुपिया तर अँग्लो-पोर्तुगीज करारानंतर ब्रिटिशांच्या टांकसाळीत पाडला गेला आणि गोव्यात घरोघरी चलनात होता. एकोणीस नाणी एकाच खड्ड्यात, झाडांच्या रांगेपाशी मिळतात, तेव्हा लाटेपेक्षा माणसाच्या हाताचा संशय अधिक येतो.

म्हणूनच एकोणीसही नाण्यांवरील साल वाचून घ्या, मात्र पुन्हा घासू नका. त्यांत १९३५ चा एखादा रुपिया निघाला, तर ठेवा त्यानंतर कधीतरी पुरला गेला हे उघड होईल, आणि जहाजाचा विषय तेथेच संपेल. पण मग कलम ८ येईल : शंभर वर्षांच्या आत आपण किंवा आपल्या पूर्वजाने ही वस्तू दडवली असा दावा करणारा कोणी आला आणि जिल्हाधिकाऱ्यांना त्यात तथ्य वाटले, तर त्याला दिवाणी दावा लावण्यासाठी चौकशी तहकूब करावी लागते. १९६१ च्या डिसेंबरातील धांदलीत घरातले चांदीचे पैसे पुरून ठेवले, असे सांगणारे कुटुंब केरीत निघणे अशक्य नाही. दिवाणी दावा म्हणजे काय, हे गोव्यात वडिलोपार्जित जमिनीचे प्रकरण चालवलेल्या कोणालाही विचारावे.

जागेचा प्रश्नही वाटतो तितका सोपा नाही. भरतीरेषेखालची वाळू सरकारची, याबद्दल फारसा वाद होणार नाही. सुरूच्या झाडांखालची जमीन मात्र वन खात्याची, कोमुनिदादीची (गावाच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेची) किंवा एखाद्या खासगी मालकाची असू शकते. त्या सर्व्हे क्रमांकाचा एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा कागद, काढल्याशिवाय आपण जागेविषयी एक अक्षरही लिहू नये. वाळूत खोदकाम करण्याबाबत किनारी नियमन क्षेत्राचे निर्बंध आहेत, आणि मोरजी-मांद्रेसारख्या कासवांच्या किनाऱ्यांवर वन्यजीव कायदाही आहे. वीतभर खड्ड्यासाठी कोणी आपल्यामागे लागेल असे मला वाटत नाही, पण तो छंद यापुढे चालू ठेवायचा असेल तर आधी परवानगीची चौकशी करावी.

व्यापाऱ्याने सांगितलेला भाव डोक्यातून काढून टाकलेला बरा. वस्तू बेवारस ठरली तरी, ती आपल्या हाती पडण्यापूर्वी सरकार कलम १६ खाली संपादन करू शकते, आणि तेव्हा मोबदला म्हणून वस्तूतील धातूची किंमत अधिक तिचा एक पंचमांश एवढीच रक्कम मिळते. साडेअकरा ग्रॅमच्या चांदीच्या रुपियाचा हिशेब आपण स्वतः करू शकता. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याखाली पुरावस्तू ठरते, ते देशाबाहेर पाठवणे खासगी माणसाला मना आहे, आणि पुरावस्तूंच्या विक्रीचा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही. आपल्या व्यापाऱ्याकडे असा परवाना आहे का, हे आपण विचारलेले नाही.

करायचे ते याच आठवड्यात करावे. उत्तर गोव्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना कलम ४ खाली नोटीस द्या, तिची प्रत बंदर कप्तान खात्याला आणि राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला पाठवा, म्हणजे वस्तू जहाजाची की जमिनीतील हा वाद आपल्या डोक्यावर न राहता त्यांच्यात राहील. रिसिव्हर कोण, हेही बंदर कप्तान खात्यातच विचारा. नोटिशीत नाणी एकोणीस लिहा. अठरा लिहून लॉकेट बाजूला ठेवण्याचा मोह झाला तर आजवर नसलेला लबाडीचा पुरावा आपण स्वतः तयार कराल. लॉकेटची कडी काढू नका, आहे तसे जमा करा. सापडल्याची तारीख खरी लिहा, मग तिच्यातून कर्फ्यूत किनाऱ्यावर फिरल्याचे उघड झाले तरी चालेल. तारीख अलीकडची करून देतो असे सांगणारा अर्जनवीस भेटेल. त्याचा मसुदा तेथेच फाडून टाका. उशिराचे स्पष्टीकरण दोन वाक्यांपेक्षा लांबवू नका, आणि सही करण्यापूर्वी मसुदा फौजदारी काम पाहणाऱ्या वकिलाला दाखवा, कारण या नोटिशीतला प्रत्येक शब्द पुढे आपल्याविरुद्ध वाचला जाऊ शकतो. आवक क्रमांक व शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

उशिरा दिलेल्या नोटिशीने वाटा परत मिळेल, असे वचन मी देणार नाही. खटल्याची शक्यता ती पुष्कळ कमी करते, आणि अप्रामाणिक हेतूचा आरोप बराच बोथट करते, एवढे खात्रीने सांगता येते. त्यापुढची जाहीर सूचना, तिच्यानंतर चार ते सहा महिन्यांच्या आतली दावेदारांची तारीख आणि चौकशी हे सारे कायद्यात नेटके लिहिलेले आहे. प्रत्यक्षात फाइल किती काळ पडून राहील ते मी सांगत नाही. कांदोळी-सिकेरीच्या वाळूत जून २००० मध्ये रुतलेले, सर्वांना दिसणारे ‘रिव्हर प्रिन्सेस’ जहाज हलवायला या राज्यात दशकाहून अधिक काळ लागला होता.

इसाराचे पाच हजार रुपये नोटीस देण्यापूर्वीच, ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत पाठवा आणि सौदा रद्द केल्याचे एका ओळीत लेखी कळवा. रोखीने परत करू नका, आणि त्या व्यापाऱ्याने फोनवर सांगितलेल्या कोणत्याही तडजोडीला उत्तर देऊ नका.