पहिलं इंजेक्शन घेण्याआधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला रिपोर्ट पाहिला. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, २८५ (नॅनोग्रॅम प्रति डेसिलीटर) आलंय, जिमचा ट्रेनर दोन आठवड्यांना त्याचं एक इंजेक्शन घे म्हणतोय, आणि घेऊ का असं तू विचारतोयस. इतक्यात घेऊ नकोस. का, ते नीट वाच.

रिपोर्टवर रक्त घेतल्याची वेळ छापलीय, संध्याकाळी सव्वापाच. हे हार्मोन सकाळी सगळ्यात जास्त असतं आणि दिवस चढेल तसं उतरतं. तरुण वयात हा फरक चांगलाच मोठा असतो. पोटभर जेवल्यावरही आकडा घसरतो. म्हणून सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी, वेगवेगळ्या दिवशी दोनदा तपासायचं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतली रात्रपाळी संपवून तसाच रक्त द्यायला जाऊ नकोस. दिवसपाळीच्या आठवड्यात, चार रात्री नीट झोप झाल्यावर जा. अमेरिकेतल्या युरॉलॉजिस्टांची संघटना ३००च्या खाली कमी धरते, तिथलीच हार्मोनतज्ज्ञांची एंडोक्राइन सोसायटी २६४च्या खाली. म्हणजे तुझा आकडा एकीच्या हिशेबाने कमी, दुसरीच्या हिशेबाने ठीक. अशा काठावरच्या आकड्यावर आयुष्यभराचं औषध सुरू करायचं नसतं.

दोन्ही वेळा खरंच कमी आलं, तर एलएच, एफएसएच आणि प्रोलॅक्टिन या पिट्युटरीच्या तीन हार्मोनची रक्ततपासणी करून घे. दोष अंडकोषात आहे की मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीत, ते त्यावरून कळतं. प्रोलॅक्टिन फार वाढलेलं असेल तर पिट्युटरीत गाठ असू शकते, आणि तिचा इलाज वेगळा असतो. तुझं वाढलेलं वजन आणि सुनबाई सांगते ते घोरणं, यांनीही टेस्टोस्टेरॉन खाली येतं. वजन उतरलं की पुष्कळांचं आपोआप सुधारतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुम्हाला मूल हवंय ना? बाहेरून टेस्टोस्टेरॉन यायला लागलं की पिट्युटरी अंडकोषांना कामाला लावणारे एलएच आणि एफएसएच सोडणं थांबवते. ते दोन्ही थांबले की अंडकोषाच्या आतलं टेस्टोस्टेरॉन पडतं आणि शुक्राणू बनणं बंद होत जातं. रक्तातला आकडा झकास आणि वीर्यात शुक्राणूच नाहीत, असं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुरुषांना गर्भनिरोधक म्हणून आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन दिलं होतं. निम्म्याहून जास्त जणांचे शुक्राणू सहा महिन्यांत शून्यावर आले. तुला सुचवलेलं औषध याच जातीचं आहे, बाळा.

लॅबमध्ये मी ही माणसं पाहिलीत. दंड भरलेले, लग्नाला तीन-चार वर्षं झालेली. वीर्याचा नमुना मशीनमध्ये फिरवून तळाचा गाळ स्लाइडवर घ्यायचा, मायक्रोस्कोपखाली एकेक कोपरा शोधायचा, आणि एकही शुक्राणू दिसायचा नाही. बाहेर बाकावर बायको बसलेली, तोवर घरच्यांनी सगळा दोष तिच्यावरच टाकलेला. औषध थांबवल्यावर बहुतेकांचे शुक्राणू सहा महिने ते वर्षभरात परत येतात. काहींना दोन वर्षं लागतात, आणि काहींचे पूर्वीइतके कधीच होत नाहीत. मूल हवं असणाऱ्यांसाठी क्लोमिफेन, एचसीजी अशी दुसरी औषधं असतात, पण तीही डॉक्टरांच्या हातूनच.

पुढे औषध घ्यायचं ठरलंच, तर सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी, आधी करायचीच, सुरू केल्यावर तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा, मग दरवर्षी. त्यातला पीसीव्ही बघ, म्हणजे रक्तात तांबड्या पेशी किती टक्के आहेत ते. टेस्टोस्टेरॉनने तांबड्या पेशी वाढतात, रक्त घट्ट होतं. ५४ टक्क्यांच्या वर गेला तर औषध थांबवावं लागतं. आपल्या सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये अंगातलं पाणी कमी झालं की हा आकडा आणखी चढतो. हृदयाबद्दल २०२३ साली मोठा अभ्यास आला, पाच हजारांवर पुरुषांचा. हार्ट अटॅक वाढले नाहीत, पण हृदयाचे ठोके अनियमित होणं आणि फुप्फुसात गुठळी जाणं वाढलेलं दिसलं. ते सगळे ४५च्या पुढचे होते, तुझ्या वयाचं त्यातून काही कळत नाही.

ज्यांना खरी कमतरता आहे, गालफुगीत अंडकोष गेलेत किंवा पिट्युटरीचं ऑपरेशन झालंय, त्यांच्यासाठी हे फार मोलाचं औषध आहे. तुझं तसं निघालं तर अजिबात न लाजता घे, मी स्वतः तुझ्यासोबत येईन.

दोन्ही सकाळचे रिपोर्ट झाले की पाठव, त्यावर रक्त घेतल्याची वेळ लिहून घे. एंडोक्रिनॉलॉजिस्टची, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांची, अपॉइंटमेंट मी बघतो. ये तेव्हा सुनबाईला घेऊन ये, कारण हे तिलाही कळायला हवं.

तुझा,
काका