आधी उत्तरपत्रिका बघून ये

*मावशी, मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शाळेपासून कायम पहिली. या सेमिस्टरला एका विषयात नापास झाले. पाच आठवडे होत आले, पण रोज स्वतःलाच बोलते: नालायक, आळशी, आईबाबांना फसवलंस. झोप-जेवण ठीक आहे, कॉलेजलाही जाते. मैत्रिणी म्हणतात, स्वतःशी जरा मायेने वाग. मला तो लाड वाटतो. स्वतःला सोडून दिलं तर आणखी आळशी होईन. मॅडमनी उत्तरपत्रिका बघायला बोलावलं होतं, गेले नाही. हुशार नसेन तर मी आहे तरी कोण?*

अगं, एवढ्या मोठ्या पत्रात माझं लक्ष एकाच वाक्यावर खिळलं. मॅडमनी बोलावलं होतं, गेले नाही. एका ओळीत उरकलंस आणि लगेच 'मी कोण'वर उडी मारलीस!

म्हणजे पाच आठवडे तू ज्या पेपरवरून स्वतःला फाडून खातेयस, तो तू पाहिलेलाच नाहीस. कागद न वाचता शिक्षा सुनावणाऱ्या न्यायाधीशाला आपण काय म्हणू? कडक तर नक्कीच नाही.

तुला वाटतं तू स्वतःशी फार कठोर वागतेस. मला तर तू भलतीच सवलत घेताना दिसतेस. 'मी नालायक' म्हणायला पुरावा लागत नाही, जागचं उठावंही लागत नाही. 'तिसऱ्या प्रश्नात मी पद्धतच चुकीची वापरली' हे म्हणायला मात्र मॅडमच्या खोलीपर्यंत चालत जावं लागतं, लाल खुणा बघाव्या लागतात. ते टाळता यावं म्हणून शिव्या चालू आहेत, असा माझा संशय आहे.

आता तो 'लाड'. क्रिस्टिन नेफ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 2003 मध्ये स्वतःविषयीच्या करुणेची मांडणी केली, तेव्हा तिचे तीन भाग सांगितले. स्वतःशी मायेने बोलणं. असं माणसांचं होतं, आपण एकटे नाही, हे ओळखणं. आणि जे घडलंय ते न फुगवता, न झाकता आहे तसं पाहणं. सगळे पहिल्या भागावरच थांबतात, कारण तो पोस्टरवर बरा दिसतो. तुझं काम तिसऱ्यात आहे. त्यात लाड कुठेच नाही.

आणि आळशी होण्याची भीती? जुलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन या मानसशास्त्रज्ञांनी 2012 मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर केलेले काही प्रयोग प्रसिद्ध केले. त्यातल्या एकात आधी शब्दांची अवघड परीक्षा घेतली. मग काहींना सांगितलं, ही अनेकांना जड जाते, स्वतःला फार बोल लावू नका. काहींना सांगितलं, वाईट वाटून घेऊ नका, इथे प्रवेश मिळाला म्हणजे तुम्ही हुशारच असणार. पुढच्या परीक्षेसाठी जास्त वेळ अभ्यास कोणी केला? पहिल्यांनी. 'तू हुशारच आहेस' ऐकणारे मागे राहिले. तुला लहानपणापासून नेमकं तेच ऐकवलं गेलंय, नाही का?

त्यात आईबाबांचा वाईट हेतू नसेल, पण मी त्यांना पूर्ण सोडणार नाही. पहिल्या नंबराच्या पोरीला दुसरं काही व्हायला घरात जागाच उरत नाही. जेम्स मार्शिया या मानसशास्त्रज्ञांनी 1966 मध्ये कॉलेजच्या मुलांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा त्यांना एक गट असा दिसला की ज्यांची वाट ठाम होती, पण ती घरून आयती आलेली. स्वतः काही धुंडाळलेलंच नव्हतं. तुझं 'हुशार' त्यातलंच वाटतं. ते गळून पडलं तर तुझ्या वयात गोंधळायला होणारच. 'मी कोण' याचं उत्तर या सेमिस्टरला द्यायचं नाहीये, त्याला पुरवणीही मिळत नाही. राहू दे तो प्रश्न उघडा.

झोप-जेवण ठीक आहे असं लिहिलंस, म्हणून इतकं रोखठोक बोलले. ते बिघडलं, किंवा दोन आठवडे कशातच मन लागेना, तर पत्र लिहीत बसू नकोस. कॉलेजच्या समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरकडे जा. आणि जगणं नको असं एकदा जरी मनात आलं, तर त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांग.

बाकी एकच काम. मॅडमना आजच्या आज निरोप पाठव: 'तेव्हा येऊ शकले नाही, पेपर अजून बघता येईल का?' त्या रागावतील अशी भीती असेल तर रागावू देत. वही-पेन घेऊन एकटीच जा. कुठे काय चुकलं, एवढंच लिहून घे. 'मी अशीच' हे दोन शब्द त्या पानावर नकोत. काही ठिकाणी मार्क बरोबर पडलेलेही दिसतील, तेही उतरव. मग मला पुन्हा पत्र टाक. मार्क किती ते नको सांगूस, कुठल्या प्रश्नात अडलीस ते लिही.