नवा गीझर घ्यायच्या आधी जुना उघडा

दादा, तुम्ही लिहिलंय की आर. के. नगरात बोअरचं पाणी, तीन वर्षांत दुसरा गीझर गळायला लागला आणि मेकॅनिक म्हणतोय की महागातला घ्या. घाई करू नका. बोअरच्या पाण्यात महागातलाही तसाच जाईल.

माझा पहिला चौथ्या वर्षी गेला. चालू केला की आतून फुटाणे भाजल्यासारखा आवाज यायचा. खालची फ्लँज (कॉइल बसवलेलं झाकण) उघडली तर बादलीत अर्धा तांब्या तरी पांढऱ्या खपल्या पडल्या, आणि मॅग्नेशियमच्या अ‍ॅनोड रॉडच्या जागी नुसती तार लोंबत होती. हा रॉड स्वतः झिजतो म्हणून टाकीचं पोलाद वाचतं. तो संपला की गंज टाकीला लागतो. चार वर्षांत मला एकाही मेकॅनिकनं त्याचं नावसुद्धा सांगितलं नव्हतं! आता दर दिवाळीआधी उघडून बघतो. तार दिसायला लागली की बदलायचा.

दुसरं म्हणजे तापमानाचा नॉब. थंडीत आपण तो शेवटपर्यंत फिरवतो आणि मग त्यात गार पाणी मिसळून अंघोळ करतो. पाणी तापलं की त्यात विरघळलेला चुना बाहेर पडून कॉइलवर बसतो, आणि 60 अंशांच्या पुढे तो फार झपाट्यानं बसतो. थर चढला की कॉइलची उष्णता पाण्यात जात नाही, ती आतल्या आत तापते आणि फुटते. 55 वर ठेवा, अंघोळीला भरपूर होतं.

साफसफाई अशी: एमसीबी (बोर्डावरचा खटका) पाडा, पाणी गार होऊ द्या, इनलेटचा, म्हणजे पाणी आत येतं तिथला, कॉक बंद करा. गरम पाण्याचा नळ उघडा ठेवून इनलेटची नळी सोडा, टाकी रिकामी होते. कॉइल काढून लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात बुडवा, पण वायरीची टोकं पाण्याबाहेर. फसफस थांबली की थर सुटतो. संडासचं अ‍ॅसिड चुकूनही नको, ते कॉइल खातं. फ्लँज बसवताना गॅस्केट (मधली रबरी चकती) नवं घाला. टाकी भरून नळाला सलग धार आल्याशिवाय बटण दाबू नका. वायरिंगची भीती वाटत असेल तर मेकॅनिक बोलवा, पण समोर उभं राहून करून घ्या.

चुना बसू नये म्हणून पाइपला बांधायच्या चुंबकावर मी पैसे घालवलेत, तुम्ही घालवू नका. रेझिनचा सॉफ्टनर, म्हणजे पाण्यातला चुना काढणारं यंत्र, खरंच काम करतो. त्यात वेळच्या वेळी मीठ घालावं लागतं, आणि त्या पाण्यात अ‍ॅनोड लवकर झिजू शकतो, म्हणून सहा महिन्यांनी बघा. टीडीएस मीटर विरघळलेले सगळेच क्षार मोजतो, त्यावरून कठीणपणा कळत नाही, त्याचं थेंबांचं वेगळं किट मिळतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला 200 मिलिग्रॅम कठीणपणा ठीक धरतात आणि दुसरी सोय नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. माणसाला चालतं हो, गीझरला नाही. नळाचं पाणी येत असेल तर सोसायटीत बोलून बाथरूमची लाइन त्याच्या टाकीवर घेता येते का बघा. आमच्याकडे सगळ्यात जास्त फरक त्यानंच पडला.

आता तुमची गळती. फ्लँजच्या कडेनं ठिबकत असेल तर बहुतेक गॅस्केटवर भागेल. सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना चार थेंब पडणं हा बिघाड नाही. टाकीच्याच जोडातून येत असेल तर मात्र ती गेली, वेल्डिंग करत बसू नका. नेमकं कुठून येतंय ते बघून इथेच लिहा.