आठवी-नववीच्या मुलांना भविष्याचा अंदाज बांधायला कसं शिकवावं? (शाळा नागपुरात)

पावसापासून सुरू करा. विदर्भात शाळा उघडतात जूनच्या शेवटी, मुहूर्त आयताच मिळतो. ‘उद्या पाऊस येईल का?’ याचं उत्तर हो-नाही नको, टक्क्यांत लिहून घ्या. दुसऱ्या दिवशी गुण द्या. हवामानतज्ज्ञ ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये मांडलेल्या पद्धतीचं सोपं रूप असं: पाऊस आला तर १, नाही तर ०; त्यातून अंदाज (७० टक्के म्हणजे ०.७) वजा करून येणाऱ्या संख्येचा वर्ग करा. ७० टक्के म्हटलं आणि आला, तर ०.०९. ९० म्हटलं आणि कोरडं गेलं, तर ०.८१. कमी गुणवाला जिंकला (हे मुलांपेक्षा पालकांना पटवणं अवघड). रोज ५० लिहिणाऱ्या हुशाराला ०.२५ च पडतात.

मग लांबचं विचारा: २०४० मध्ये काटोलला संत्री असतील? सप्टेंबर २०२३ सारखं नाग नदीचं पाणी पुन्हा घरांत शिरेल? तिथे गुण नकोत, फक्त कारणं लिहायला लावा.