धुरा ओळख, मंग फॉर्म भर

बाबू,

काल पानठेल्यावर तू मोबाईल पुढं केला न् म्हणाला, काका सहा फॉर्म भरले, पोलीस, वनरक्षक, अग्निवीर, जीडी म्हणजे केंद्राच्या दलातला शिपाई, तलाठी न् कोस्ट गार्ड, यातलं सोपं कोणतं? मी काही बोललो नाई, चहा तसाच ठेवून निघून आलो. तुले राग आला असन. मले पण आला होता. मेहनत कर, हिंमत ठेव असलं काही लिहिणार नाई, पहाटे चारले रोडवर पळताना रोज पाहतोच तुले.

राग आला तो पुढच्या वाक्याचा. "कोस्ट गार्ड म्हणजे नेव्हीच ना, जरा हलकी?" अरे बावा, वीस वर्षं काढली मी कोस्ट गार्डात. हलकी नाई न् भारी नाई, धुरा वेगळा आहे. हेच लोकायले समजत नाई न् तुले पण समजलं नाई म्हणून लिहून राहिलो.

शेतकऱ्याचा पोरगा तू, धुरा म्हणजे शेताची हद्द, हे तुले शिकवा लागत नाई. समुद्राले पण धुरा आहे. किनाऱ्यापासून 12 सागरी मैल, म्हणजे 22 किलोमीटर, ते पाणी आपल्या जमिनीसारखंच. पुढं 200 मैलांपर्यंत, म्हणजे 370 किलोमीटर, परक्या देशाचं जहाज जाऊ शकते, आपल्या पांधणीनं दुसऱ्याची बंडी जाते तशी, पण मासळी धरायची नाई न् तेल काढायचं नाई, ते पीक आपलं. हा कायदा 1976 चा. त्याच्या आधी समुद्रातून सोनं न् घड्याळं धडाधड स्मगल होऊन येत, कस्टमजवळ धड बोटी नाईत, 1974 मधे मुंबईसमोरच्या समुद्रात, बॉम्बे हायले, तेल लागलं, आता ते कोण राखणार? नेव्हीची जहाजं लढाईसाठी बांधलेली, ती स्मगलरमागं पळवायची म्हणजे कोथिंबिरीच्या वाफ्यात ट्रॅक्टर घालणं.

मंग सरकारनं कमिटी बसवली. तिचे अध्यक्ष के. एफ. रुस्तमजी, आपल्या कामठीत जन्मलेले, बीएसएफचे, म्हणजे सीमा सुरक्षा दलाचे, पहिले प्रमुख. पाय समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूरच्या मातीतले, जमिनीच्या धुऱ्यावर फौज उभी केली न् पाण्याच्या धुऱ्यावर वेगळं दल पाहिजे हे पण त्यांच्याच कमिटीनं सांगितलं. आता सांग, विदर्भातल्या पोराचा समुद्राशी काय संबंध म्हणणारे तुझे मामा किती शहाणे. 1 फेब्रुवारी 1977 ले काम सुरू झालं, नेव्हीनं दिलेल्या दोन जुन्या फ्रिगेट, म्हणजे लढाऊ जहाजं, न् पाच गस्ती बोटी एवढंच भांडवल. स्वतःचा कायदा 1978 मधे आला.

रचना सोपी आहे, पाठ कर पण रट्टा नको मारू. दिल्लीत महासंचालक, संरक्षण मंत्रालयाखाली. खाली पाच रिजन, मुंबई, चेन्नई, कोलकाता, गांधीनगर न् अंदमान. रिजनखाली डिस्ट्रिक्ट, डिस्ट्रिक्टखाली स्टेशन, आपल्या राज्यात मुरूड, रत्नागिरी, डहाणू अशी. काम काय तं कोळ्यायले मदत, बुडणाऱ्याले वाचवणं, तेल सांडलं तं आवरणं, कस्टमले साथ, चोरून मासे धरणाऱ्या परक्या बोटी पकडणं. न् पकडली की धुरा संपला! बोट किनाऱ्यावर आणून पोलिसायच्या ताब्यात द्यायची, केस ते चालवतीन. नवीन पोट्टे इथंच फुगतात, आम्ही पकडलं म्हणतात. तू पकडलं, पण कागद वाकडा केला तं कोर्टात तो सुटते.

आता माह्या चुकीचं सांगतो, घरी पण कोणाले सांगितलं नाई. नवीन होतो, रेडिओवर बसलो होतो, एका बोटीचा आवाज आला, इंजिन बंद, पाणी शिरून राहिलं. मले वाटलं ही जागा शेजारच्या स्टेशनात येते, ते पाहतीन. वीस मिनिटं मी कोणाले उठवलं नाई. जागा आमचीच होती. माणसं सकाळी जिवंत भेटली, कोणी मले बोललं पण नाई, तरी ते वीस मिनिट माह्या अंगावरून जात नाईत. न् ती शेजारच्यायची असती तरी फोन करायले काय धाड भरली होती? वाचवण्याचा धुरा तं 200 मैलांच्या पण पलीकडं जाते, 46 लाख चौरस किलोमीटर पाण्यात कोणी अडकलं तं पहायची जबाबदारी भारताची आहे, माणूस कोणत्याही देशाचा असो. धुरा ओळख मी म्हणतो ते यासाठी पण, कुठं धुरा नसते ते पण ओळखा लागते.

तू म्हणशीन, एवढं होतं तं काका वीस वर्षात घरी काहून आले. गावात सगळे म्हणतात शेताच्या भांडणासाठी नोकरी सोडली. हो, सोडली. शेजाऱ्यानं धुरा दोन तास, म्हणजे नांगराच्या दोन रेघा, आमच्याकडं सरकवला असं बाबा फोनवर रडत सांगत. आलो, भांडलो, मोजणी आणली, तं निघालं काय, आमच्याच बाबानं कधीतरी एक तास त्याच्याकडं सरकवला होता. धुऱ्यावरचं बोरीचं झाड पण त्याचंच निघालं. लोक हसले. तरी मी म्हणतो आलो ते बरोबरच केलं, बाबाले शेवटी दवाखान्यात नेणारं घरी कोण होतं? न् मोजणी झाली म्हणून तं भांडण मिटलं. बरं, हे राहू दे.

तुझं पहा. अग्निवीर चार वर्षाचं आहे, कोस्ट गार्डात ते नाई, इथली भरती वेगळी. नाविक जीडीले, म्हणजे जनरल ड्युटीच्या नाविकाले, बारावीत गणित न् फिजिक्स लागते, तुझे दोन्ही आहेत. वय 18 ते 22. यांत्रिकचं, म्हणजे मशीनकडच्या पदाचं, सोड, तुझ्याजवळ डिप्लोमा नाई. निवडला गेला तं ट्रेनिंग ओडिशात चिल्काले. न् पोहणं! तू विहिरीत पाटलाच्या पोरायसंग नुसता उड्या मारते, श्वास धरून सरळ पोहता येते का तुले? नाई येत, मी पाहिलं आहे.

सहा फॉर्म भरले ते भरले, पण एकेकासमोर लिहून आण की हे काम नेमकं काय, कुठं सुरू होते न् कुठं संपते. वनरक्षकासमोर पण लिही, तलाठ्यासमोर पण. दोन ओळी लिहिता नाई आल्या तो फॉर्म फाडायचा. रविवारी सकाळी ये, वही घेऊन, न् टॉवेल पण आण, विहिरीवर जाऊ. मोटर बंद ठेवाले सांगितलं आहे मी.

तुझा काका